सत्त्याऐंशी पूर्णांक सात

हॅलिफॅक्सच्या चढावरच्या त्या घरात
माझ्या मालकीचं एक रेडिओ केंद्र होतं.
काडेपेटीएवढं. प्लेअरच्या बुडाशी खोचायचं,
दोन स्टेशनांमधल्या खरखरीत रिकामी जागा शोधायची,
सत्त्याऐंशी पूर्णांक सात,
आणि जिन्याखालच्या जुन्या रेडिओतून
आपलंच आपण ऐकायचं.
सोबत सुपारीएवढा रिमोट: पुढे, मागे, थांब.
त्या वर्षी इकडे हे बेकायदा होतं.
भाच्याने न्यू जर्सीहून पाठवलं, लोकरी मोज्यात गुंडाळून.

केंद्राचा मुलूख मी पावलांनी मोजला होता:
दोन खोल्या, अर्धा जिना,
मागे कोळशाच्या कोठीपर्यंत अंगण.
भिंत मोजायची राहिली.

कार्यक्रम एकच.
अण्णा, वाहतूक नियंत्रक, चिपळूण आगार,
निवृत्तीच्या दिवशी सुर्वे कंडक्टरने
कॅसेटवर धरून ठेवलेले. बावीस मिनिटं.
'प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे.
मार्गताम्हानेमार्गे गुहागरकडे जाणारी गाडी
फलाट क्रमांक चारवर लागत आहे.'
मागे कुणीतरी शिंकतं. एक पोर रडतं.
शेंगदाणेवाला अण्णांच्या वाक्यात चढतो,
पुढच्या स्वल्पविरामाला उतरतो.
घरी हा माणूस दिवसाला दहा शब्द बोलायचा,
त्यातले चार मिठाबद्दल.

मार्चमध्ये दार वाजलं.
शेजारच्या विनिफ्रेड ॲक्रॉइडबाई, मनगटापर्यंत पीठ.
तीस वर्षं गालिच्यांच्या गिरणीत,
मागांच्या गडगडाटात कान गेले.
त्या ओठ वाचतात. रेडिओला ओठ नसतात,
म्हणून त्यांचा रेडिओ सगळ्या गल्लीचा.
'तो गृहस्थ कुठल्या स्टेशनवरचा?
काल रात्री आलाच नाही.'
कुठला गृहस्थ, मी म्हटलं, कानावर हात ठेवून.
'तोच. ज्याला सगळ्यांना वेळेवर पोचवायचंय.'

आत बोलावलं. चहा केला. कबुली दिली:
फलाट, गुहागर, सुर्वे, मोजा.
त्यांनी माझ्या ओठांवर 'मार्गताम्हाने' वाचलं
आणि पुन्हा म्हणायला लावलं,
मग तिसऱ्यांदा, सावकाश,
मलाही ते नाव पहिल्यांदाच कळल्यासारखं.
जाताना मी रिमोट त्यांच्या ॲप्रनच्या खिशात टाकला.

तेव्हापासून माझ्या अंधाऱ्या घरात
प्लेअर आपला आपण जागा व्हायचा.
कधी सव्वाचारला, कधी अडीचला,
टेबलावर नखाएवढा निळा उजेड,
आणि जिन्याखाली अण्णा गाडी लावायचे.
मी पांघरुणात पडून ओळखायचो
की पलीकडे झोप नाही. गुडघे असतील.
किंवा त्यांचे हॅरोल्ड, जे माझ्या आधीच गेले होते
आणि ज्यांच्याबद्दल मी कधी विचारलं नाही.
कधी त्या मागे न्यायच्या, तीच शिंक पुन्हा,
पुन्हा. ती शिंक त्यांना फार आवडायची.
सकाळी कामावर डोळे चुरचुरायचे.
रेडिओ मात्र मी बंद करत नव्हतो,
आवाज बारीक, तेवढंच.

ऑगस्टमध्ये लीड्सचा मुलगा आला,
त्यांना स्कारबरोला, समुद्राकाठच्या एका होमवर घेऊन गेला.
रिमोट पर्समध्ये गेला. विसरून की मुद्दाम,
ते त्यांच्या चेहऱ्यावर वाचायला मी गिरणीत नव्हतो.
ऐंशी मैल. त्या बटणाचा पल्ला पन्नास फूट.

मी प्लेअर चार्जिंगला लावून ठेवतो तरी.
हाताने लावता येईल, लावत नाही.
अण्णांची गाडी मी सोडायची, हे काही बरं दिसत नाही.

गेल्या आठवड्यात पलीकडे नवी माणसं आली,
तान्हं पोर घेऊन.
पहिल्या रात्री अडीचला ते रडलं.
मी उठून बसलो, आणि शिंकेची वाट पाहिली.