पावती

ब्रॅकनथॉर्पच्या शॉपिंग सेंटरचा मालक कोण,
हे ग्लेनिसला विचारा.
मागच्या दाराशी किल्ल्या करून देते ती,
बुटांना टाचा लावते. एकेचाळीस वर्षं झाली.

आधी इथे चार गल्ल्या होत्या, एक चॅपल,
तिच्या बापाचं मासळीचं दुकान.
कौन्सिलने एका नोटिशीत सगळं घेतलं.
त्या दिवशी बापाने काट्यावर शेवटचा हॅडक तोलला,
भाव सांगितला हवेला,
आणि कागदात गुंडाळून घरी आणला.

पुढे कौन्सिलने विकलं विमा कंपनीला,
तिने पेन्शन फंडाला,
फंडाने जर्सी बेटावरच्या कुणाला तरी,
ज्याच्या दारावर म्हणे नुसती पत्रपेटी आहे.
भाड्याचा चेक दर खेपेला नव्या नावाने.
गळती जुनीच,
पिवळी बादली त्याच खांबापाशी.
ग्लेनिसने एकदा बादलीचा फोटो बेटावर पाठवला.
उत्तर आलं, 'आपला अभिप्राय मोलाचा आहे.'
भाडं वाढलं.

गेल्या मार्चमध्ये कौन्सिलने परत घेतलं,
एका पौंडात. अख्खं. बादलीसकट.
ताबा घ्यायला एक पोरगेला साहेब आला,
बगलेत जाडजूड फाईल.
बॉयलरच्या खोलीचं दार उघडेना.
एवढ्या मालकांत ती किल्ली
कुणी कुणाला दिलीच नव्हती.

ग्लेनिसने बिस्किटांचा डबा उपडा केला.
ओसेई झाडूवाल्यासाठी केलेली जोडकिल्ली,
ओसेई जाऊनही नऊ वर्षं झाली.
'साडेपाच पौंड,' ती म्हणाली.

त्याने निमूट मोजले, पावती मागितली.
'कुणाच्या नावे करू?'

तो फाईल चाळू लागला.