चार काटकोन

जनरेटर बाहेर, लाकडांच्या ढिगापलीकडे,
खिडकीपासून धुराचं अंतर राखून.
पॅनल तळघरात, बटाट्यांच्या पेटीशेजारी.
मधे छत्तीस फूट, दगडी पाया,
आणि नोव्हेंबर.
सुपीरियरवरून वारा येतो
तो समुद्राचाच आव आणून.

रेइनो म्हणतो, आधी चाल.
पाइप उचलायच्या आधी त्याच्या वाटेनं स्वतः जाऊन ये.
मी जाते. भिंतीलगत, वाकून, तुळईखालून,
जुन्या बॉयलरला वळसा घालून.
वळणं किती?
पाच.
चारच, तो म्हणतो. चार काटकोन.
पाचव्याला तार रुसते,
ओढशील तर स्वतःची कातडी सोलून घेते.
परत चाल.

पाचवं वळण वाचवायला
आम्ही पाऊण दिवस दगडात भोक पाडलं.

पाइप वाकवायचा तो टाचेनं.
सगळं वजन टाचेवर, हात नुसते सोबतीला.
पहिला पाइप मी मुडपला,
पोटाशी सुरकुती पडली.
रेइनो काही बोलला नाही.
मोडका पाय बाजूला ठेवावा
तसा त्यानं तो भिंतीला टेकवून ठेवला.

वरच्या खोलीत आर्वो, नाकाशी नळी.
त्याच्या श्वासाचं यंत्र दिवसभर गुरगुरतं,
आम्ही ब्रेकर पाडला की गप्प होतं.
मग ताइमी सिलिंडर जोडते, घड्याळ बघते,
आणि जिन्यावरून ओरडते, अजून किती?
कामाची घाई तिची नाही,
घाई त्या काट्याची.

जेवणानंतर तिनं फ्रीजमागून एक वायर काढून आणली.
जाड, पिवळी, दोन्ही टोकांना पिना.
वीस हिवाळे हिच्यावर काढले, म्हणाली,
ड्रायरच्या प्लगात खुपसायची, झालं.
तुमचा हा डबा हवाच कशाला?

रेइनोनं हात पुसले. बराच वेळ पुसले.
तो पूर्वी खांबांवर चढायचा.
वीज आल्या वाटेनं परतही जाते, म्हणाला,
रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून हजारोंनी वाढून.
वर पेल्टो होता. तार मेलेली, असं धरून चाललेला.
आणि खाली कुणाच्या तरी घरात
दूध थंड राहत होतं.

कुणाच्या? ताइमीनं विचारलं.
ते कधी कळलंच नाही, तो म्हणाला.

ती उभी राहिली.
मग स्वतःच कात्री घेऊन आली, मासे साफ करायची.
त्या कात्रीनं काही होईना.
मी माझी पक्कड दिली.

दोरा ओढायला तिचाच व्हॅक्युम घेतला.
प्लास्टिकच्या पिशवीचा बोळा, त्याला सुतळी,
एका तोंडाशी मी, दुसऱ्याशी ताइमी, नळी गच्च धरून.
चारही वळणं घेत बोळा फट्‌कन पोचला
आणि ती शेंबड्या पोरीसारखी हसली.
मग काळी, लाल, पांढरी, हिरवी,
साबण लावून, रेइनो ढकलतो, मी ओढते,
मधे कुणी शिंकायचंही नाही.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.
त्या डब्यात दांडा एकच:
वर खांबाची वीज, खाली घरची.
दोन्ही एकदम म्हणाल, तर लोखंड आड येतं.

दांडा आर्वोला खाली आणून त्याच्याच हातानं ओढवला.
अंधार. यंत्राची शिट्टी. एक, दोन,
सातपर्यंत मोजलं मी.
मग दिवे.
फार आवाज करतो, तो जनरेटरबद्दल म्हणाला,
आणि वर जायला त्याला वीस मिनिटं लागली.

जानेवारीत ताइमीचा फोन.
तो मोडका पाइप तिनं अंगणात रोवलाय,
बर्फ मोजायला.
आज बर्फ तुझ्या सुरकुतीपर्यंत आलाय गं, म्हणाली.
आणि वीज?
वीज... थांब हं.
आर्वो, मंगळवारी गेली होती का रे?