कोबीची रात्रपाळी

अकरा महिने मी सांगत होतो, झोप येत नाही.
खरं तर यायची. दारात उभी राहायची,
आणि मी तिला म्हणायचो, थांब गं, एवढा एक डाव.
पहाटे पाचला ती कंटाळून निघून जायची.
मग कुन्सानच्या बंदरावरचा भोंगा, मग ऊन,
मग कचेरीतून आलेले, मी न उघडलेले सात निरोप.

आईनं दाराबाहेर ठेवलेला भात
मी एका हातानं खायचो.
दुसऱ्या हाताचा अंगठा
झोपेतही चालायचा, चादरीवर,
वर, वर, अजून वर,
जणू चादरीच्या टोकाला कोणी काही राखून ठेवलंय.
एवढा शिकलेला मी, पुलांची गणितं करणारा,
आणि झालो अंगठेबहाद्दर.

गुरुवारी लाँड्रीच्या मागच्या खोलीत
आम्ही सहा जण बसतो.
भिंतीपलीकडे यंत्रं घुमतात, ओरडून बोलावं लागतं,
आणि लाज ओरडून सांगितली
की तिचा अर्धा जोर तिथंच ओसरतो.
तेसोप बस चालवायचे.
एका सिग्नलला हातातल्या पडद्याकडे बघत राहिले,
हिरवा दिवा तीनदा येऊन गेला.
मागे चाळीस माणसं.
"कोणी हूं की चूं केलं नाही," ते म्हणाले,
"सगळ्यांच्याच माना खाली."
ह्येवॉन सतरा वर्षांची. ती काहीच सांगत नाही.
लोकांचे विसरलेले मोजे घेऊन
त्यांच्या जोड्या लावत बसते.

फेब्रुवारीत मी घसरलो. चार दिवस.
पाचव्या दिवशी तोंड लपवत गेलो
तर माझी खुर्ची मांडलेलीच होती,
तिच्यावर कोणाचा तरी ओला कोट.
"उचल आणि बस," एवढंच.

नोव्हेंबरात लाँड्रीवाल्या बोंग्नेबाई म्हणाल्या,
दोनशे चाळीस गड्डे आलेत,
गल्लीतल्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांची
हिवाळ्याची किमची घालायची आहे.
मिठातला कोबी मध्यरात्री उलटावा लागतो,
तळाचा वर, वरचा तळाला,
नाहीतर अर्धा रडतो, अर्धा ताठ राहतो.
मग माझ्याकडे वळून:
"तुला तरी कुठे झोप येते?"

रात्रीचे दोन. माझी जुनी वेळ.
अंगणात सहा टब, पाण्यावर दिव्याचा पिवळा तुकडा.
कोपरापर्यंत हात खारट, बोटं बधिर,
आणि उजव्या मांडीवर
ते थरथरलं.
हात न पुसताच मी खिसा चाचपला.
खिसा रिकामा. फोन तर संध्याकाळीच
बोंग्नेबाईंच्या तांदळाच्या डब्यात गेलेला.
तेसोप हसले नाहीत.
"माझ्या डाव्या मांडीवर वाजतो," म्हणाले,
"दोन वर्षं झाली."
आणि आम्ही पुढचा टब घेतला.

तीनला ह्येवॉन आली, सातूचा गरम चहा घेऊन.
सगळीकडे नजर फिरवून म्हणाली,
"तो कोपऱ्यातला राहिला."
वर्षभरातलं तिचं पहिलं वाक्य.
खरंच राहिला होता.

सकाळी गल्ली जमली. परातींत तिखटाचे ढीग,
मुळा, लसूण, खारवलेली कोळंबी,
ज्याचे त्याचे हात कोपरापर्यंत लाल,
नाक खाजवायची सोय नाही.
बोंग्नेबाईंनी एक पान गुंडाळलं,
त्यात डुकराच्या उकडलेल्या मांसाचा तुकडा,
आणि माझ्या तोंडापुढे धरलं. "आ कर."
चौतीस वर्षांच्या मी
आ केला.
डोळ्यांत पाणी आलं. तिखटाचं, म्हणू या.

काल झोप आली, रिकाम्या टबाला टेकलो असताना,
दिवसाढवळ्या, दारात न थांबता.
आज येईल का, सांगता येत नाही.
अंगठ्याच्या नखात अजून तिखट आहे,
दोनदा डोळा चोळला, दोनदा बोंब मारली.
डबा अजून बोंग्नेबाईंकडे.
तांदूळ तळाला गेलेत, म्हणत होत्या.