चवीपुरतं

सकाळी साडेसातला शेबवाना
पांढऱ्या कपांच्या रांगेपाशी उभा राहतो.
तीनशे बारा कप.
मोम्बासाच्या बंदराकडची खिडकी बंद,
डिझेलचा वास चहात उतरतो म्हणून.
चमचा बुडवायचा, ओठांशी आणायचा,
आणि सुर्रकन ओढायचं, इतक्या जोरात
की नव्या माणसाला हसू यावं.
मग चाकांच्या पिंपात पिचकारी.
पुढचा कप.

"नांदी. परवाची खुडणी, रात्री पाऊस.
हा केरिचोचा, पण भट्टी जास्त तापली.
आणि हा..." तो थांबतो,
"हा घाईत वाळवलाय.
वाळवणाऱ्याच्या घरी कुणी आजारी असणार."
कारकून एवढंच लिहितो: घाई.

मकावासी तैताच्या डोंगरातून आलेली.
पहिल्याच आठवड्यात तिने एक घोट गिळला.
त्याने पाहिलं. "आवडला?"
"हो."
"मग गेला तो कप. पुन्हा लाव.
आवड घशाखाली सुरू होते, पोरी.
आपल्याला पगार घशाच्या वरचा."

एकतीस वर्षं.
चाखलं सगळं, प्यायलं काहीच नाही.
घरी म्वानाहावाचा चहा आल्याचा, दुधाचा,
साखरेत चमचा उभा राहील असा.
तो म्हणे, यात चहा कुठाय? चव ना ढव.
ती म्हणे, लोक चव घेतात, तू विकतोस.
आणि त्याच्या जांभळ्या शर्टावरच्या
पोपटी टायकडे बघून
पडद्याचं कापड आणायला एकटीच जाई.

मग मे महिन्यात ताप.
ताप उतरला, जीभ परतली नाही.
भात कागद, मासा कागद,
लिंबू म्हणजे नुसतं ओलं.
माझ्या भाषेत म्हणतात, तोंडाची चव गेली,
जणू जवळच कुठे गेलीय,
दिवेलागणीला येईल चप्पल काढत.
शेबवाना वाट पाहत राहिला.

कुणाला सांगितलं नाही.
रंग पाहून, पानाचा पीळ पाहून,
जुन्या वह्यांच्या भरवशावर बोलत राहिला:
नांदी. लिमुरू. केरिचो.
चौथ्या दिवशी मकावासीने एका कपात
करपवलेल्या साखरेचं पाणी ठेवलं.
रंग हुबेहूब.
सुर्र. पिचकारी. "रुवांडा. टवटवीत."
कारकुनाने लिहिलं.
दुपारी, तो जेवायला गेल्यावर,
तिने ती ओळ खोडली
आणि कप स्वतःच विसळला.

दुसऱ्या दिवसापासून ती एक कप पुढे चालू लागली.
आधी तिची सुर्र, मग काठावर चमचा:
एक टिक, कडक. दोन, सपक.
तीन, हा सोडून द्या.
त्याने काही विचारलं नाही.
फक्त चालायचा वेग कमी केला.

त्या संध्याकाळी म्वानाहावाने चहा दिला.
तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला,
गिळला, घोट घोट,
घशाखाली काहीतरी गरम उतरत गेलं,
त्याला नाव नव्हतं.
"अजून आहे?" त्याने विचारलं.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा.
तिने आपला कप तोंडाला लावला
आणि कळलं, साखरेच्या बरणीशेजारची बरणी.
मीठ.
ती त्याच्याकडे बघत राहिली.
मग तोंड वेडंवाकडं न करता
तिने आपलाही संपवला.
"आहे ना," म्हणाली, "थांब, ताजा टाकते."

सकाळी एका कपाशी मकावासीचा चमचा अडला.
एक नाही, दोन नाही, तीन नाही.
ती पुन्हा ओढते, पुन्हा थुंकते.
"याला तुमच्या वहीत शब्द नाही," ती म्हणते.
"मग तुझ्या तोंडात काय आहे?"
"आमच्या पत्र्याच्या छपरावर
पाऊस यायच्या आधी जे असतं, ते."
कारकून मान वर करतो.
"लिही," शेबवाना म्हणतो,
"पत्रा. आणि पुढे जागा सोड."