तक्रारीचा रकाना

मेडिकलमध्ये खिडकी नंबर सात.
अठरा वर्षं झाली, मी केसपेपर लिहिते.
नाव, वय, गाव
आणि मग तो प्रश्न, काचेच्या भोकातून,
पंख्याच्या वर आवाज चढवून:
काय तक्रार?

मागे रांग. रांगेत दीर असतो, भाचा असतो,
गल्लीतला किराणावालाही असतो एखादवेळी.
बाई म्हणते, कंबर.
मी लिहिते, कंबर.
कंबरेचा एक्स-रे निघतो, गोळ्या मिळतात,
गोळ्या घेऊन बाई कळमन्याला परत जाते,
बसमध्ये उभ्यानं. सीट रिकामी असली तरी.

मला ठाऊक आहे ती का बसत नाही.

माझ्या पर्समध्ये जुन्या सुती लुगड्याच्या घड्या,
एक परकर, गाठ मारलेली एक पिशवी.
मानेवाड्यापासून मेडिकल चौकापर्यंत
कुठल्या पेट्रोल पंपावर कडी लागते
नि कुठल्यावर दार हातानं धरावं लागतं,
तोंडपाठ.
मे महिना त्यातल्या त्यात बरा.
सेहेचाळीस डिग्रीत अख्खं नागपूर ओलं,
कोण कुणाच्या पाठीकडे बघतं?
फक्त माठातला गडवा कुणी पुढे केला
की म्हणायचं, आत्ताच प्यायले.
संध्याकाळपर्यंत ओठांना पापुद्रे.
डिसेंबर मात्र आतून पिळतो.

हसणं मी जपून वापरते.
यंदा मारबतीला, बडग्याच्या गळ्यातली पाटी वाचून
सगळी गल्ली लोळली.
मी ओठ चावून, मांड्या आवळून उभी.
नणंद म्हणाली, वहिनी किती गंभीर झाल्या हो.

सासूला एकदाच सांगून पाहिलं,
मेथी निवडताना, मेथीच्या आडून.
"तीन लेकरं काढली न? मंग!
बाईच्या जातीले असतेच ते."
आणि दुसरी जुडी माझ्याकडे सरकवली.

आईच्या खाटेवर, गादीखाली,
खताच्या पोत्याचं प्लास्टिक असायचं.
ती गेली त्या दिवशी आम्ही बहिणींनी
ते मागच्या अंगणात नेऊन जाळलं.
वास येत होता. आम्ही दोघी
वांग्यांच्या भावाबद्दल बोलत होतो.

वरच्या मजल्यावरच्या एका तक्त्यावर
याचं मराठी नाव लिहिलंय: मूत्र-असंयम.
अक्षर अक्षर लावून वाचलं मी.
असंयम!
माहेरी गप्प, सासरी गप्प,
हरतालिकेला पाण्याचा थेंब नाही,
शाळेत संडास नव्हता म्हणून
सकाळी सात ते दुपारी एक दाबून धरलं,
आणि आता या वयात
कुणीतरी लिहावं, असंयम.

काल दुर्पता नखाते आली. वय बावन्न. गाव उमरेड.
तिसरा केसपेपर. आधी कंबर, मग गुडघे,
काल म्हणाली, "असंच. कसंतरीच होऊन राहिलं."
तेवढ्यात तिला खोकला आला
आणि तिनं पायांची कात्री केली,
मी करते तशी. अगदी तशीच.

मी काही विचारलं नाही.
खोली एकवीस, लेडी डॉक्टर, एवढं लिहिलं
आणि कागद उलटा करून सरकवला.
ती वाकली, भोकाला तोंड लावून म्हणाली,
"ताई, तुमाले कसं समजलं?"
मग जरा थांबून,
"तुमी गेल्त्या का तिथं?"

पंखा फिरत होता. मागे रांग.
खोली एकवीस माझ्या खुर्चीपासून
साठ पावलांवर आहे. मोजली आहेत मी,
डब्याच्या सुट्टीत, दारापर्यंत जाऊन.

मी मान वर केली नाही.
ओरडले, रोजच्यापेक्षा मोठ्यानं:
पुढचा नंबर!