तेरा मात्रा

वडगावात, हातमाग उठले त्या शेडमध्ये
आम्ही भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात.
पलीकडच्या शेडात चार यंत्रमाग अजून चालतात.
मालक म्हणाला, एक ते दोन जेवणाची सुट्टी,
तेवढ्यात वाजवा काय ते.
म्हणून आमचा दुसरा अल्बम
रोज एक तास तयार होतो.

पहिला सत्त्याऐंशीचा. तीनशे कॅसेटी.
एकशे बारा इरण्णाच्या पलंगाखाली आहेत,
बाकीच्यांवर लोकांनी
लेकीच्या लग्नाची सनई भरून घेतली.

इरण्णा पट्टणशेट्टी पेट्या दुरुस्त करायचा.
त्याच्या कीबोर्डाच्या काळ्या पट्ट्यांत
अजून भात्याची धाप ऐकू येते.
नूरअहमद किल्लेदार ट्रकांचं वायरिंग करून येतो,
गिटारीची तार लावताना बोटं हुंगतो.
आग्नेल बारेटोच्या गुडघ्याला पट्टा आहे
आणि अप्पासाब देसूरकरला
वरचा पंचम आता लागत नाही.
आम्ही अख्खं गाणं दीड सूर खाली आणलं.
खाली आल्यावर त्यात जरा काळोख आला,
तो बरा वाटला. ठेवला.

मी बास वाजवतो.
उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथवर काढली,
माझ्या हातचा शाफ्ट कधी परत आला नाही.
एक सूत इकडंतिकडं नाही, असं साहेब म्हणायचे.
हे मी घरी बरेचदा सांगितलंय.

गाणं बावीस मिनिटांचं.
मधे तेरा मात्रांचा तुकडा आहे,
तो तरुणपणी कुणी रचला यावर एकमत नाही.
परवा तो एका दमात निघाला, चूक न होता.
घाम पुसत आम्ही काचेपलीकडं बघितलं.

इरण्णाची भाची सहना रेकॉर्डिंग करते.
ती हसत होती.
म्हणाली, मामा, ड्रमवरच्या माइकात
कुणीतरी पुटपुटतंय.

तिनं बाकी सगळं बंद करून तेवढंच लावलं.
हन्नोंदु, हन्नेरडु, हदिमूरु.
इकरा, बारा, तेरा.
ग्यारह, बारह, तेरह.
अकरा, बारा,
आणि मग, सगळे समेवर पोचल्यावर,
तेरा.

तो आवाज माझा होता.

पुन्हा लाव म्हटलं. पुन्हा तसंच.
केसभर. फार तर दोन केस.
सहना म्हणाली, बास पुढं सरकवू काय काका?
एक बटण आहे.
अप्पासाब म्हणाला, सरकव की.
नूरअहमद काही बोलला नाही,
तो पिकाच्या टोकानं नख साफ करत राहिला.

आग्नेल पट्टा सोडवत होता.
नको, म्हणाला, सरकवू नको.
हा उशिरा येतो खरं रोज तेवढाच येतो.
मी पायाचा ड्रम जरा थांबूनच मारतो ह्याच्यासाठी.
सत्त्याऐंशीपासून.
तू ह्याला पुढं घेशील, मग मी मागं पडीन,
मग मलाही सरकव,
मग काय राहिलं?

मर्दा, मी म्हटलं, सांगायचं नाही होय?
सांगितलं असतं तर
तू दुरुस्त झाला असतास,
तो म्हणाला, आणि थर्मासमधला चहा
झाकणात ओतायला लागला.

दोन वाजले. पलीकडं
पहिला माग सुरू झाला, मग दुसरा.
तिसऱ्याचा धोटा थोडा अडखळून निघतो,
हे आज पहिल्यांदा कळलं.
गाद्यांतून तो येत राहिला.
आम्ही वायरी गुंडाळत होतो,
मी, नेहमीसारखा, शेवटी.