दीड किलो

शंभर किलो तूर आत जाते.
एवढंच मला खात्रीनं सांगता येतं,
कारण काट्यापाशी मी स्वतः उभी असते
वही छातीशी धरून,
आणि मापाडी गुंडेराव ओरडतो, "लिहा मॅडम, झालं!"

मग चाळणी. मग एमरीचा रोल.
तेलाचा हात, पाण्याचा शिडकावा,
रात्रभर ढिगात मुरणं,
सकाळी लातूरचं ऊन, गच्चीभर पसरून.
पुन्हा रोल, पुन्हा चाळणी, आणि शेवटी
ते सॉर्टेक्स,
ज्याला डोळे आहेत पण पापणी नाही.

बाहेर येते डाळ, एकाहत्तर.
कणी चार.
चुनी नऊ, ती उदगीरकडच्या म्हशींना.
भुसा अकरा.
खडे, काड्या, माती मिळून दोन,
त्यात एकदा चांदीचं जोडवं निघालं,
कुणाचं ते शेवटपर्यंत ठरलं नाही.
ओल उडून जाते दीड.
करा बेरीज.
साडेअठ्ठ्याण्णव.

रजिस्टरात उरलेल्यासाठी रकाना आहे : घट.
तोष्णीवाल शेठच्या वडलांनी आखलेला,
आणि तेव्हापासून त्यात दीडच.
"दीडला कुणी विचारत नाही," शेठ म्हणाले होते,
"दोन झालं की मी विचारतो."
रोजची चारशे क्विंटल, म्हणजे
रोज सहा क्विंटल तूर
कुठंच जात नाही.

नांदेडच्या कॉलेजात शिकवलं होतं,
सगळ्यात सुस्त टप्पा सगळ्यांची चाल ठरवतो.
तो मी पहिल्याच आठवड्यात शोधला : वाळवण.
सूर्याला ओव्हरटाइम देता येत नाही.
हरवलेल्याबद्दल मात्र पेपरात एकही प्रश्न नव्हता.

म्हणून एका रविवारी, रोल थंड असताना,
मी निघाले दीड किलोच्या मागावर.
एलेव्हेटरच्या बुडाशी उंदरांची वाट, धरा पाव.
गच्चीवर होले न् चिमण्या, मूठ-दोन मूठ.
बारदानाच्या विणीत थोडं.
कौसाबाईच्या पदराच्या गाठीत काय होतं
ते मी पाहिलं नाही, म्हणून लिहिलंही नाही.
बाकीचं हवेत होतं.
पत्र्याच्या भोकातून तिरीप आली
तेवढ्याच जागेत दिसत होतं, पिवळं,
मिल बंद असूनही अजून खाली न बसलेलं.

"काय हुडकूलालाव मॅडम?"
कौसाबाई झाडू टेकवून उभी.
पंचवीस वर्षं तिनं बोटांनी डाळ निवडली.
सॉर्टेक्स आलं त्या साली छत्तीस बायांतल्या
चार राहिल्या, त्यातली ही.
मी सांगितलं, दीड किलो.
ती हसली. हसता हसता खोकली.
मग नुसतीच खोकत राहिली,
आणि मी वहीतली बोट घातलेली खूण काढून घेतली.

सोमवारी शेठपुढं कागद ठेवला,
धूळ ओढणारा पंखा, नळ्या, पिशव्या, बसवणी धरून.
"यानं उतारा वाढेल?"
"नाही."
"मग?"
मग काय, ते माझ्या तोंडाशी आलं होतं.
मी म्हणाले, "धूळ चुनीत जाईल, शेठ.
नऊची पावणेदहा होईल. चौदा महिन्यांत पैसे वसूल."
खोटं नव्हतं त्यात काही.
त्यांनी दोनदा कॅल्क्युलेटर दाबला आणि सही केली.

पंखा दसऱ्याच्या आत बसला.
आता रकान्यात मी पाऊण लिहिते.
मॅडमनं घट अर्ध्यावर आणली, असं शेठ
मोंढ्यात चार जणांना सांगतात.
तिरीप आली तरी आता फारसं दिसत नाही तिच्यात.

कौसाबाई अजून खोकते.
ते आधीचं आहे, पंचवीस वर्षांचं,
रोजचं थोडं थोडं.
एकदा मी वहीच्या मागच्या पानावर
हिशेब मांडायला घेतला होता,
दिवस गुणिले तास गुणिले
आणि तेवढ्यात फाटकातून ट्रक आत आला,
गुंडेरावनं काट्यावर पहिलं पोतं टाकलं.

"लिहा मॅडम!"